एका माणसापुरती भुई

शेणाचा मला पहिल्यापासून तिटकारा. माझं माहेर सांगलीचं, गावभागातलं. आमच्या घरी स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत सगळी शहाबादी फरशी, ओलं फडकं फिरवलं की काम झालं. त्या घरातनं उठून मी वडूजजवळच्या या गावात नांदायला आले आणि पहिल्याच शनिवारी सासूबाईंनी माझ्यापुढं शेणकाल्याची पाटी ठेवली. मी नाकाला पदर लावला. त्या रागावल्या नाहीत आणि हसल्याही नाहीत. "नुसती बघ," म्हणाल्या आणि स्वतः उकिडव्या बसून सगळा पुढचा सोपा सारवून काढला.

सासूबाईंचं नाव बनुबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. बाई बोलायला कमी आणि हाताला भारी. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं वरचं पेर त्यांना नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडताना हातोडा बसला, तेव्हा ते गेलं. त्यामुळे त्यांनी सारवलेली जमीन लगेच ओळखू यायची. तीन बोटांच्या रेघा अर्धगोलात लांब फिरलेल्या आणि पहिल्या बोटाची रेघ अर्ध्यातच विरलेली. माझं सारवण म्हणजे म्हशीनं पाय घासल्यासारखं, असं शेजारच्या राहीबाई म्हणायच्या, आणि ते खरंच होतं.

आमचे हे तेव्हा मिलिटरीत होते. यांचं नाव जोतीराम, पण आईच्या तोंडी कायम जोत्या. हे रजेवर येणार असं पत्र आलं की आत्याबाई माजघराच्या भिंतीतल्या देवळीखालची जागा सारवायला घ्यायच्या. ती यांची निजायची जागा. रजा कधी पुढं ढकलली जायची, कधी रद्द व्हायची, तरी त्या दर आठवड्याला तेवढा तुकडा सारवत राहायच्या. "आला आन भुई कोरडी आसली मंजी?" असं म्हणायच्या. यांची एसटी फाट्यावर थांबायची तेव्हा घरात ती जागा गार आणि ओलसर तयार असायची. हे बूट काढायचे आणि आईशी बोलायच्या आधी तिथं आडवे व्हायचे. मग रजा संपेपर्यंत आत्याबाई त्या तुकड्याला हात लावायच्या नाहीत. त्या मायलेकरांचं बोलणं असंच, जमिनीतनं चालायचं.

चौऱ्याहत्तर साली हे पेन्शन घेऊन कायमचे घरी आले आणि पुढच्या उन्हाळ्यात यांनी घराला फरशी घालायची ठरवली. आईचे गुडघे सारवून सारवून कामातनं गेलेत, एवढंच कारण. यांनी ते मनापासून ठरवलं होतं, त्यात खोट नव्हती. माझ्या वडिलांच्या ओळखीनं सांगलीहून ट्रक भरून शहाबादी आली. निळसर राखाडी, एकेक फरशी उचलायला दोन गडी लागायचे. गावात तेव्हा फरशीचं घर नव्हतं. ट्रक उतरताना बघायला निम्मं गाव जमलं होतं.

आत्याबाईंनी एका फरशीवर तळवा ठेवला आणि लगेच काढून घेतला. "दुस्काळात दगुड फोडून प्वाट भरलं," त्या म्हणाल्या. "आता दगडावर निजू व्हय?"

"आई, लय गार असती बघ उन्हाळ्यात," हे म्हणाले. "शेन न्हाई, माती न्हाई. तू आता नुस्तं बसून खायाचं."

आत्याबाई म्हणाल्या, "घाल बाबा. पर देवळीखाली एका माणसापुरती भुई सोड. मला भुईवर घ्याची येळ आली, तर कुटं घ्याल?"

आमच्याकडं जाणाऱ्या माणसाला बाजेवर ठेवत नाहीत. जागा सारवायची, त्यावर घोंगडं अंथरायचं आणि माणसाला खाली भुईवर घ्यायचं. पाठीखाली माती असली की जीव सुखानं सुटतो, असं म्हणतात. दगड म्हणजे भुई नव्हे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. यांनाही ठाऊक होतं. हे हसले आणि म्हणाले, "सोडतो की. फौजेतल्या माणसाची जबान हाय." आत्याबाईंचं तेवढ्यावर समाधान झालं.

केरबा गवंड्यानं काम धरलं. सोपा झाला, चूल झाली, माजघर झालं. देवळीखालचा तुकडा सोडला होता. तेवढ्यात फलटणहून नणंदेचा, रंगूबाईचा, निरोप आला की बाळंतपण जवळ आलंय, आईला पाठवा. आत्याबाई निघाल्या. निघायच्या आधी त्यांनी तो तुकडा सारवला, पदराला हात पुसला आणि एसटीला गेल्या.

त्या गेल्यावर यांची नजर सारखी त्या तुकड्याकडं जायला लागली. सगळीकडं निळी सारखी फरशी आणि मधेच मातीचं भगदाड. "लोकं बघाय येणार आन ह्ये काय दावायचं?" हे म्हणाले. "आर्धी वर्दी घालून परेडला उभं ऱ्हायल्यागत दिसतंय." फरश्या शिल्लक होत्याच. केरबा म्हणाला की आधी खणून मुरूम भरू. यांना आई यायच्या आत उरकायचं होतं. सारवणावरच वाळू पसरली, एक लांबरुंद फरशी ठोकून बसवली आणि सांध्यात सिमेंट भरलं. मला तर घर आता सांगलीसारखं दिसायला लागलं म्हणून आनंदच झाला.

आत्याबाई नातू बघून परत आल्या. माजघरात शिरल्या, देवळीखाली गेल्या, पायाच्या अंगठ्यानं चाचपून बघितलं. हे मागं उभे होते. यांनी बोलायला सुरुवात केली, कसं छान दिसतंय, कसं झाडायला सोपं. आत्याबाई वळल्या आणि यांच्या अंगावरून निघून गेल्या. तिथून पुढं त्या यांच्याशी बोलल्या नाहीत. माझ्याशी बोलायच्या, म्हशीशी बोलायच्या, राहीबाईंशी तासन्‌तास बोलायच्या. पण पोटच्या पोराला एक शब्द दिला नाही.

यांनी काय काय केलं म्हणून सांगू. वडूजच्या बाजारातनं लुगडं आणलं. पाया पडले, चेष्टा करून बघितली, एकदा तर रडले. मी सांगितलं, "अहो, फरशी काढा ना ती. संपलं." तर म्हणाले, "गाव हसंल मला. पैका जास्त झाला म्हून घातली आन आईच्या धाकानं उकरली, म्हनतील." माणूस मोठा हट्टी. हट्ट आईचाच घेतलेला, त्यामुळे कुणाला बोलायची सोय नव्हती.

मग आत्याबाईंनी फरशी सारवायला सुरुवात केली. शनिवारी पाटी घेऊन बसायच्या आणि देवळीखालची ती फरशी शेणानं सारवायच्या. दगडाला शेण धरत नाही. दुपारपर्यंत वाळून पापुद्रे निघायचे आणि घरभर उडायचे. ते झाडता झाडता मी वैतागून गेले. एकदा यांचे फौजेतले दोस्त फरशी बघायला आले, त्या दिवशी हे ओरडले आणि पाटी उकिरड्यावर टाकून आले. त्यानंतर आत्याबाई नुसत्याच बसू लागल्या. भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, तिथं बसून कोरडा तळवा दगडावर फिरवत राहायच्या. खर्रर्र, खर्रर्र. तो आवाज माझ्या कानात इतका बसला की मी विहिरीवर असले तरी ऐकू यायचा.

सत्त्याहत्तरच्या संक्रांतीनंतर त्या अंथरुणाला लागल्या. ताप आला, गेला, पण अन्न परत जाईना. वडूजचे डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, आता सुई टोचून त्रास देऊ नका, जवळ बसा. आम्ही जवळ बसलो. रंगूबाई फलटणहून आली. दिवस गेले, आठवडे गेले. अंगावर नुसती हाडं राहिली, श्वास इतका बारीक की नाकाशी सूत धरून बघायला लागायचं. पण तो थांबेना. डोळे उघडे आणि देवळीकडं लागलेले.

"जीव आडकलाय," राहीबाई म्हणाल्या. "तिला भुई मिळंना. जोतीराम, तुला सांगून ठेवलं हुतं रं तिनं."

त्याच दुपारी तो आवाज आला. आत्याबाई सोप्यावर बाजेवर होत्या. दोन्ही हात वाकळेखाली, त्यातला उजवा माझ्या हातात होता, थंडगार आणि निपचित. आणि आत माजघरातनं ऐकू येत होतं, खर्रर्र, खर्रर्र. मी यांच्याकडं बघितलं. यांनीही ऐकलं होतं. हे उठून माजघराच्या दारात गेले आणि तिथंच थांबले. आत कुणी नव्हतं. आवाज फरशीवरनं येत नव्हता, खालनं येत होता. रोज दुपारी मग ते चालू झालं. रंगूबाईनं लेकराला घेऊन राहीबाईंच्या घरात मुक्काम हलवला.

यांनी तोड काढली, तीही यांच्या स्वभावाला धरून. शेतातनं पाट्या भरून माती आणली, देवळीखालच्या फरशीवर जाड थर दिला, पाणी मारून चोपली. राहीबाईंनी ती सारवली. मग आत्याबाईंना उचलून त्यावर घेतलं. फरशीही राहिली आणि भुईही झाली, असा यांचा हिशोब. आम्ही सगळे भोवती बसलो. आत्याबाईंचा उजवा हात हलला. इतके दिवस न हललेला हात. बोटं मातीत शिरली आणि त्या खरवडायला लागल्या. हळूहळू, अजिबात न थांबता. संध्याकाळी माती बाजूला झाली होती आणि नखं दगडावर वाजत होती. नखांतनं रक्त यायला लागलं तेव्हा मी त्यांचा हात धरला. त्यांनी यांच्याकडं एकदा बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"आये," हे म्हणाले, "चुकलं माझं. एकदा बोल की." यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. आत्याबाईंनी तोंड वळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच हे गोठ्यातनं पहार घेऊन आले. आईला पुन्हा बाजेवर ठेवलं, माती झाडली आणि सांध्यात पहार घातली. केरबा हाताखाली आला होता. दाराबाहेर माणसं जमली होती, यांनी तिकडं मान वर करूनही बघितलं नाही. सिमेंट तडकलं. दोघांनी मिळून फरशी उचलली आणि भिंतीला टेकवून उभी केली. आणि सगळ्यांच्या आधी मला वास आला. ज्याच्यासाठी मी पहिल्या दिवशी नाकाला पदर लावला होता, तो ताज्या शेणाचा वास.

खाली वाळू होती, ती ओली होती. केरबा म्हणाला, "हितं पानी कुटनं आलं? मी तर कोरडी वाळू टाकली हुती." हे गुडघ्यावर बसले आणि हातानं वाळू बाजूला सारायला लागले. वाळूखाली जमीन सारवलेली होती. दोन वर्षं दगडाखाली होती ती जमीन, आणि आत्ताच कुणीतरी हात फिरवून उठल्यासारखी हिरवट, ओली. त्यावर तीन बोटांच्या रेघा लांब फिरलेल्या होत्या आणि पहिल्या बोटाची अर्ध्यात विरलेली. केरबा पहार टाकून बाहेर गेला. राहीबाईंनी हात जोडले.

आत्याबाईंना तिथं घोंगड्यावर घेतलं. त्यांनी तळवा घोंगड्याबाहेर काढून भुईवर टेकवला. मी तोंडात पाणी घातलं, यांनी तुळशीचं पान ठेवलं. हे त्यांच्या तोंडाला कान लावून बसले होते. अजूनही यांना वाटत होतं की त्या काहीतरी म्हणतील. एक शब्द, नुसतं जोत्या म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. पण श्वास तेवढा सुटला आणि आत्याबाई गेल्या. कान लावलेला तसाच ठेवून हे बराच वेळ बसून राहिले. शेवटी मी यांचा खांदा धरून उठवलं.

दिवसकार्य झाल्यावर केरबा फरशी परत बसवायला आला. यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. फरशी भिंतीला टेकलेली राहिली आणि देवळीखाली एका माणसापुरती भुई उघडी राहिली. माजघरात येणारे-जाणारे बघायचे, कुणी हसलं नाही. दुपारचा आवाज बंद झाला होता. पण हे खंगत चालले होते. रात्री जेवताना मधेच थांबायचे आणि म्हणायचे, "एक शबुद न्हाई दिला गं."

थोड्या महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की देवळीखालची जागा सारवलेली असते. मी पहाटे गोठ्याकडं जायचे, परत येईस्तोवर ती ओली दिसायची. मी ओळखलं की हे करतायत. पुरुष माणूस, त्यातनं हवालदार, कुणी बघू नये म्हणून चोरून सारवत असणार. मला भरून आलं. जन्मभर मी या माणसाला दगड म्हणत आले होते. मी मुद्दाम तिकडं बघायचं टाळलं, यांना लाजल्यासारखं होऊ नये म्हणून. हेही माझ्याशी फार मऊ वागायला लागले होते. एकदा बाजारातनं गजरा आणला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा काळ आमच्या वाट्याला आधी कधी आला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात विहिरीवर इंजिन चालू करताना हँडल उलटं फिरलं आणि यांचं उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. मी यांना भाकरी कुस्करून द्यायचे, सदऱ्याची बटणं लावायचे. एका सकाळी यांना चहा देताना देवळीखाली माझी नजर गेली. जागा ओली होती. मला हसू आलं. इतके दिवस धरून ठेवलेलं मी बोलून टाकलं.

"डाव्या हातानंही बरं जमतं की तुम्हाला."

"काय जमतंय?"

"सारवायला. मला सगळं ठाऊक आहे, लाजू नका."

हे माझ्याकडं बघतच राहिले. "मी कवा सारवलं?" हे म्हणाले. "तू सारवतीस न्हवं? मी आजून कुनाला बोललो न्हाई, पर मला लय बरं वाटत हुतं. म्हनलं, शेनाचा येवढा तिटकारा आसून बाई माझ्यासाटी करतीय."

चहाचा कप माझ्या हातातच राहिला. दोघंही उठून देवळीखाली गेलो. इतके महिने मी त्या जागेकडं धड बघितलं नव्हतं, यांनीही नव्हतं, एकमेकांना सांभाळून घ्यायच्या नादात. आता बघितलं. तीन रेघा लांब, अर्धगोलात फिरलेल्या. पहिली अर्ध्यात विरलेली. वास ताजा होता आणि कडेला पाणी अजून मुरायचं होतं.

मी भिंतीला टेकलेली फरशी धरली आणि ओढायला लागले. एकटीला ती हलणार नव्हती, तरी ओढत होते. मला ती जागा झाकायची होती, आत्ताच्या आत्ता, वर सिमेंट ओतून. यांनी डाव्या हातानं माझा दंड धरला.

"सोड," हे म्हणाले. "एकदा झाकली तवा काय झालं, बघितलंस न्हवं?"

"अहो, पण ही जागा कुणासाठी सारवतायत त्या?"

मला उत्तर ठाऊक होतं आणि यांनाही. आत्याबाईंच्या शेवटच्या घटका सोडल्या, तर त्या जागेवर यांच्याशिवाय कुणी कधी निजलं नव्हतं. हे खाली बसले, चपला काढून मागं सारल्या आणि डावा तळवा ओल्या भुईवर ठेवला. मी अजून फरशी धरून उभी होते आणि या माणसाच्या तोंडावर मात्र हसू होतं. फाट्यावर एसटीतनं उतरताना असायचं, तसलं.

"बोलली की गं," हे म्हणाले. "आई बोलली माझ्याशी."

त्याला आता वर्ष होत आलं. यांचं मनगट जुळून आलं, अंगानं भरले, जेवण वाढलं, रात्री शांत झोपतात. गावात सगळे म्हणतात, जोतीराम पुन्हा माणसांत आला. मी एकटीच वाळत चाललेय. रोज पहाटे यांच्या आधी उठते, देवळीखाली जाते आणि भुईवर हात ठेवून बघते. एखाद्या दिवशी कोरडी लागली, तर बरं वाटेल असं मला वाटायचं. पण रजा जवळ आली की त्या सारवायच्या आणि पोरगा घरात आला की थांबायच्या, हे मीच डोळ्यांनी बघितलेलं आहे. त्यामुळे आता ती ओली लागली की मी देवाला हात जोडते आणि चूल पेटवायला जाते.